आचारी, आचार्य आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी वाचकांना विचारलं होतं की, लिहून झाल्यावर आणि नेटवर टाकण्याआधी तुम्ही नेमकं काय करता? उत्तरं थोडी आली, उलटे प्रश्नच जास्त आले. काहींनी पत्राखाली ‘ताई, यातल्या चुका काढू नका हं’ असा ताजा कलमही जोडलाय. काढल्या नाहीत. छापताना गुपचूप दुरुस्त तेवढ्या केल्या.

नव्या वाचकांसाठी सांगते, माझी नोकरी एका मराठी दैनिकाच्या प्रूफखात्यात, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासणाऱ्या खात्यात झाली, बरीचशी रात्रपाळीत. आता दादरला घरी बसून दिवाळी अंकांची प्रुफं वाचते. त्यामुळे खालची उत्तरं व्याकरणाच्या बाईंची नाहीत, प्रूफवालीची आहेत. दोन्हींत फरक असतो, तो पुढे कळेलच.

प्रश्न : आमच्या मंडळाचं फेसबुक पान मी सांभाळतो. भंडाऱ्याचा स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचा छोटासा सत्कार ठेवला होता. मी टाकलं, ‘मंडळातर्फे आचार्यांचा सत्कार’. खाली विचारणा सुरू झाली, कोणते आचार्य? कुठल्या मठाचे? दोन आजोबा तर हार घेऊन दर्शनाला आले. टाकण्याआधी मी नीट, पुनःपुन्हा वाचलं होतं. तरी दिसलं कसं नाही? – एक कार्यकर्ता, लालबाग

उत्तर : पुनःपुन्हा वाचलंत म्हणूनच दिसलं नाही. आपलंच लिखाण पहिल्यांदा आपण वाचतो, त्यानंतर नुसतं पाठ म्हणतो. काय लिहायचं होतं ते डोक्यात पक्कं असतं. डोळा शब्दाच्या सुरुवातीला नुसता टेकतो आणि उरलेलं डोकं भरून काढतं. म्हणूनच आमच्या खात्यात एका प्रुफाला दोन माणसं असायची. एक मूळ कॉपी मोठ्याने वाचणार, ‘स्वल्पविराम’, ‘अवतरण सुरू’, ‘नवा परिच्छेद’ हेसुद्धा उच्चारून. दुसऱ्याची नजर प्रुफावर. दोघांपैकी कुणीही तो मजकूर लिहिलेला नसायचा, आणि सगळी मेख तिथेच होती. लेखकाने स्वतः तपासलेलं प्रूफ आलं की आमचे जुने फोरमन म्हणायचे, ‘हे न तपासलेल्यात ठेवा.’

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे. तुम्ही बरोबर टाइप केलं असेल आणि चूक वाटेत झाली असेल. ‘आचाऱ्यांचा’ मधला तो अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी काढता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घ्यायचा, त्याचा पाय मोडायचा आणि मग य. दुसरी तऱ्हा जुनी. त्यात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. मजकूर एका अॅपमधून दुसऱ्या अॅपमध्ये चिकटवताना हे अदृश्य चिन्ह कधी कधी गळून पडतं. ते गळलं की र उडी मारून य च्या डोक्यावर बसतो, त्याचा रफार होतो आणि आचाऱ्याचा आचार्य होतो. ट्रेकिंगवाल्यांच्या जाहिरातीत ‘सह्याद्रीच्या दर्यांतून भटकंती’ असं दिसतं ते यामुळेच. त्यांना दऱ्या म्हणायच्या असतात, निघतो समुद्र. तेव्हा पहिली सवय ही लावा की, जिथे लिहिलं तिथे नव्हे, तर जिथे ते दिसणार आहे तिथे शेवटचं वाचायचं.

दुसरी गोष्ट, मजकुराचं रूप बदला. तो आधी व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. वेगळी पार्श्वभूमी, वेगळी ओळ, शब्द वेगळ्या ठिकाणी तुटलेले. डोक्याला तो मजकूर थोडा परका वाटतो आणि परक्याच्या चुका आपल्याला पटकन दिसतात. अक्षर मोठं करा. घाई नसेल तर रात्री लिहिलेलं सकाळी टाका. आणि तुमच्याकडे तर माणसांची वानवा नाही. मंडळात कायम एखादा मुलगा खुर्च्या लावत असतो. त्याला बोलवा आणि म्हणा, ‘जे लिहिलंय तेच मोठ्याने वाच.’ तो ‘आचार्यांचा’ म्हणून थांबला असता आणि तुमच्याकडे बघितलं असतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो हे मला ठाऊक आहे, माझ्या भाचीने दाखवलंय. पण लालबागमध्ये पंधरा मिनिटांत निमंत्रण किती गटांत जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. पुढे ढकललेल्या प्रतीत तुमची दुरुस्ती जात नाही, आणि कुणी पडद्याचा फोटो काढला असेल तर प्रश्नच मिटला.

हार शेवटी आचाऱ्यांच्या गळ्यात पडले ना? ते तुम्ही लिहिलं नाहीत.

प्रश्न : मी मालवणी पाककृती लिहिते. एक गृहस्थ दर वेळी येऊन माझ्या वेलांट्या मोजतात. परवा त्यांनी लिहिलं, ‘आधी शुद्धलेखन शिका, मग मासे शिजवा.’ माझं शिक्षण दहावीपर्यंत. फार लागलं. लिहिणं थांबवू का? – एक गृहिणी, मुलुंड

उत्तर : मुळीच नाही. त्या गृहस्थांना जेवायला बोलवू नका म्हणजे झालं.

तुम्ही पत्रासोबत चार पाककृती पाठवल्यात, त्या मी पेन घेऊन वाचल्या. वेलांट्या चुकल्यात, खरं आहे. पण मला अडवलं ते दुसऱ्याच जागांनी. बांगड्याच्या तिखल्यात तुम्ही लिहिलंय, ‘मीठ ९ चमचा’. ‘चमचा’ हा शब्द एकवचनी आहे म्हणून मला कळलं की तो १ आहे. देवनागरी १ आणि ९ पडद्यावर बारीक अक्षरात जुळ्या भावांसारखे दिसतात. उद्या तुम्ही ‘टीस्पून’ असं काहीतरी लिहिलं असतं तर वाचणारीला कसलाच धागा मिळाला नसता. दुसरं, साहित्याच्या यादीत तिरफळं आहेत, पण कृतीत ती कुठेच पडत नाहीत. शेवटपर्यंत वाट बघितली मी त्यांची! तुमच्या हाताला ती कधी टाकायची ते माहीत आहे. नालासोपाऱ्यात पहिल्यांदा बांगडा आणलेल्या मुलीला नाही. तिसऱ्या पाककृतीत ‘मग त्यात वाटण परतून’ यानंतर वाक्यच संपलंय.

माझा क्रम म्हणून असा आहे, आणि यावर माझे कितीतरी सहकारी माझ्याशी भांडलेत. आधी आकडे आणि नावं. मग काही गळलंय का, काही दोनदा आलंय का. मग वाक्य उभं राहतंय का. वेलांटीला हात सर्वांत शेवटी. पाककृतीसाठी तर सोपी युक्ती आहे. यादीतल्या एकेका जिन्नसावर डाव्या हाताचं बोट ठेवा आणि उजव्या हाताच्या बोटाने तो कृतीत कुठे पडतो ते शोधा. एखादं बोट अधांतरी राहिलं की तिथे चूक आहे. हे करायला व्याकरण लागत नाही, आणि गृहस्थांना हे कधी दिसणारही नाही, कारण ते स्वयंपाक करण्यासाठी वाचतच नाहीत.

आता वेलांट्यांबद्दल. मी त्यांना शेवटी ठेवते, फेकून देत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण अठरा आहेत, १९६२ साली ठरलेले चौदा आणि १९७२ साली वाढवलेले चार. दोन-चार पानांत मावतात. तुमच्या पाककृतींपुरते त्यातले दोन पाठ करा. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार मराठीत दीर्घ लिहायचा : वाटी, पाणी, लिंबू, काजू. आणि, नि, परंतु, तथापि असे थोडे शब्द सोडायचे. दुसरा म्हणजे दूध, तूप, मीठ यांत शेवटच्या आधीचं अक्षर दीर्घ; पण शब्दाला प्रत्यय लागून तो लांबला की ते ऱ्हस्व होतं : दुधात, तुपावर, मिठाचं. एवढ्यावर तुमच्या बहुतेक ओळी सरळ होतील.

आणि एक सांगते, मोठ्या हुशार लोकांनाही हे पटवावं लागतं. ‘तिखलं’ ही चूक नाही. ‘वायंच’ ही चूक नाही. बोली ही दुरुस्त करायची वस्तू नव्हे. माणसाच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहावी याला नियमांचीसुद्धा मुभा आहे. तुमच्या आजीचं वाक्य तुम्ही प्रमाण मराठीत आणून ठेवलंत तर मी हंसपद (गळलेला शब्द आत घालण्याची प्रुफातली खूण) घालून मूळ शब्द परत मागेन.

प्रश्न : मी कॉलेजात आहे आणि मुंबईच्या स्टेशनांवर छोटे लेख लिहितो. लेख झाला की स्पेलचेक लावतो, मग एआयकडून तपासून घेतो आणि टाकतो. आजी म्हणते, ‘तू स्वतः एकदा वाच.’ यंत्राने तपासल्यावर मी आणखी काय वाचायचं? – एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : आजीचं वय आणि माझं वय एकच असावं.

यंत्राला मी नावं ठेवणार नाही. गळलेला शब्द, दोनदा आलेला शब्द, अर्धवट अवतरण हे ते चटकन दाखवतं. पण स्पेलचेक इतकंच विचारतो की, असा शब्द असतो का? तो इथे हवा का, हे तो विचारत नाही. दर फेब्रुवारीत ‘मराठी भाषा गौरव दीन’ अशी शुभेच्छापत्रं फिरतात. दीन म्हणजे गरीब बिचारा, तोही शब्द कोशात आहे, मग खाली लाल रेघ येणार कुठून? फोनला मजकूर मोठ्याने वाचायला लावलास तरी हे सापडणार नाही. कानाला दिन आणि दीन जवळजवळ सारखेच. गळलेला शब्द मात्र कानालाच आधी खटकतो. म्हणून एकदा कानाने आणि एकदा डोळ्याने, दोन्ही कर.

एआयचं दुखणं वेगळं. ते तुझं वाक्य गुळगुळीत करतं. तू पाठवलेल्या लेखाचे दोन्ही मसुदे वाचले. तुझ्या मसुद्यात होतं, ‘परळचा पूल सकाळी माणसं गिळतो आणि पलीकडे ओकतो.’ यंत्राने केलं, ‘परळचा पादचारी पूल सकाळच्या वेळी अत्यंत गजबजलेला असतो.’ चूक एकही नाही, आणि वाक्य मेलं. ते परत आण.

पुढचा घोळ नावांचा. तू लिहिलंस की परळला उतरून पुलावरून एल्फिन्स्टन रोडला जाता येतं. त्या स्टेशनाचं नाव २०१८ पासून प्रभादेवी आहे. यंत्राने तो शब्द जसाच्या तसा ठेवला, कारण त्यात चूक अशी काहीच नाही. आता तू आजच्या प्रवासाबद्दल लिहितोयस की तुझ्या वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल, हे तुलाच ठरवायला हवं. वडिलांचे दिवस असतील तर एल्फिन्स्टनच बरोबर, आणि ‘प्रभादेवी’ लिहिलंस तर मी लाल पेन उचलेन. तीच गोष्ट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची. ‘महाराज’ हा शब्द त्या नावात २०१७ साली आला. त्याआधीच्या प्रसंगात कुणाच्या तोंडी सीएसटी असेल तर ते सीएसटीच राहू दे.

शिवाय एकाच लेखात तू एकदा ‘शीव’, एकदा ‘सायन’ आणि एकदा ‘सायान’ लिहिलंस. पहिली दोन्ही चालतात, पण दोन्ही एकदम नाही. आमच्या खात्यात टेबलाच्या काचेखाली एक कागद असायचा. कोणतं नाव आपण कसं लिहितो ते त्यावर हाताने लिहिलेलं. भांडणं व्हायची, मग नवी ओळ वाढायची. तू असा कागद कर. स्टेशनं, पुलं, रस्ते, तू वारंवार उल्लेख करतोस ती माणसं. लेख संपला की त्या कागदाशी ताडून बघ. (‘पुलं’ म्हणजे इथे पूल अनेक, तेही ‘पूल’च लिहायला हवं होतं, पण तुझ्या लेखातला शब्द तसाच घेतला. बघ, यंत्राने सोडला होता.)

आणि कार्यक्रमाची तारीख लिहिलीस की वार कॅलेंडरवर बघ. वार आणि तारीख जुळत नसेल तर दोहोंपैकी एक खोटं आहे. भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर असणं हे आमच्या धंद्यात शब्दकोश असण्याइतकंच गरजेचं होतं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या जुन्या फाइली श्री-लिपी या जुन्या मराठी फॉण्टमधल्या आहेत. त्या युनिकोडमध्ये (आजच्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून साइटवर चढवायच्या आहेत. बदलल्यावर पुष्कळ शब्द मोडलेत. सगळं नव्याने टाइप करायचं का? – सचिव, बोरिवली

उत्तर : नको. जुन्या फॉण्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरांच्या जागा असायच्या आणि वरून मराठीचा मुखवटा. बदलणारा प्रोग्रॅम त्या जागा ओळखून खरी मराठी अक्षरं बसवतो आणि ठरावीक ठिकाणीच अडखळतो. रफार, ऱ्य आणि ऱ्ह, क्ष-ज्ञ सारखी जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि ऱ्हस्व वेलांटी. ही वेलांटी जुन्या फॉण्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये नंतर साठवली जाते, म्हणून बदलताना ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. या जागा शोधून शोधून बघा.

‘सगळीकडे बदला’ हे बटण मात्र डोळे मिटून दाबू नका. ‘र्या’चं सरसकट ‘ऱ्या’ केलंत तर तुमच्या कार्यालयाचं ‘काऱ्यालय’ होईल. ‘शुध्द’ दिसलं तर ‘शुद्ध’ करा. आधी द, मग ध. ही इतकी पसरलेली चूक आहे की बघून बघून डोळ्याला तीच ओळखीची वाटते, पण पानावर ‘शुद्ध’ शोधणाऱ्याला ‘शुध्द’ सापडत नाही.

देणगीदारांची यादी प्रत्येक विंगच्या माणसाला वाचायला द्या. आडनाव चुकलं तर पुढच्या वर्गणीचं काय ते तुम्ही जाणता.

प्रश्न : गिरणगावावर लिहिलेल्या माझ्या लेखात १९८२ च्या संपाऐवजी १९२८ चा संप असं पडलं. आठवड्याने लक्षात आलं. तोवर एकाने तो परिच्छेद स्वतःच्या लेखात उचलला होता, माझं नावही न देता. मी गुपचूप आकडा बदलू का? लोकांना सांगितलं तर अब्रू जाईल असं वाटतं. – एक निवृत्त शिक्षक, गोरेगाव

उत्तर : या खेपेच्या पत्रांतली सर्वांत अवघड चूक तुमची आहे, सर. आकडे उलटसुलट झाले की बहुतेक वेळा काहीतरी अशक्य तयार होतं, १२९८ किंवा ९१८२, आणि कुणाच्या तरी नजरेत भरतं. तुमच्याकडे दुर्दैवाने दुसरं खरं साल तयार झालं. १९२८ सालीही मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला होता, कित्येक महिने चाललेला, डाव्या पुढाऱ्यांच्या नेतृत्वाखाली. १९८२ चा डॉ. दत्ता सामंतांचा, १८ जानेवारीला सुरू झालेला. दोन्हींत गिरणी कामगार, दोन्हींत लालबाग-परळ. ज्याला इतिहास थोडा ठाऊक आहे तोच जास्त फसेल. त्याला वाटेल की सरांना जुना संपच म्हणायचा असेल. म्हणूनच गुपचूप बदलून चालणार नाही.

माझा दंडक असा. वेलांटी, अनुस्वार, गळलेला काना हे न सांगता सुधारा. त्याचा गाजावाजा करणाऱ्याला काम कमी असतं. पण साल, नाव, रक्कम, कोण काय म्हणालं, यातलं काही बदललं तर लेखाच्या वरच एक ओळ हवी : ‘या लेखात आधी संपाचं साल १९२८ असं पडलं होतं, ते १९८२ असं वाचावं’, आणि तारीख. छापील पुस्तकात शुद्धिपत्र चिकटवायचे, ते निदान त्याच प्रतीला चिकटून राहायचं. नेटवर आठवड्यात ज्यांनी वाचलं ते परत येणार नाहीत, पण संदर्भ शोधत येणाऱ्याला कळेल तरी की दोन आकड्यांपैकी कोणता खरा. साल शीर्षकात असेल तर पानाचा पत्ता, म्हणजे लिंकही तपासा. बऱ्याच ठिकाणी पत्ता पहिल्या शीर्षकावरून तयार होतो आणि शीर्षक बदललं तरी तो जुनाच राहतो.

अब्रूचं म्हणाल तर लंडनच्या राजमान्य छापखानदारांनी १६३१ साली बायबल छापलं आणि दहा आज्ञांपैकी ‘व्यभिचार करू नको’ यातला नकारच गाळला. तीनशे पौंड दंड झाला, प्रती नष्ट करायचा हुकूम निघाला, आणि ज्या थोड्या वाचल्या त्यांना आज संग्रहालयं जपतात. तुमच्यावर एवढी वेळ नाही.

ज्यांनी परिच्छेद उचलला त्यांना मात्र आजच फोन करा, कारण त्यांच्या वाचकांपर्यंत तुमची ओळ पोहोचणार नाही. फोनवर फक्त सालाचं बोला. तुमचं नाव दिलं नाही ही तक्रार त्यांनी आकडा सुधारल्यावर दुसऱ्या फोनवर करा. दोन्ही एकदम काढलंत तर ते दुसऱ्यावर भांडतील आणि पहिलं तसंच राहील.